तिसरी हाक

भोंगेरावांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच सुखानं नांदत होतं. कोर्टाच्या इमारतीत कोणी त्यांना त्या नावानं बोलावलं असतं, तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं. आणि त्यांचं काम काय, तर दिवसभर दुसऱ्यांना नावानं हाका मारणं. तीन नंबरच्या कोर्टाच्या दाराशी उभं राहायचं, आतून कारकुनानं खटल्याचं नाव सांगितलं की बाहेर पुकारा करायचा. आवाज असा, की खालच्या अंगणात सायकलला कुलूप लावणारा माणूस किल्ली तशीच ठेवून जिना चढू लागायचा. भोंगा हे नाव कोणा वकिलानं ठेवलं आणि पुढं वयाचा मान म्हणून लोकांनी त्याला ‘राव’ जोडलं.

पुकारा तीनदा करायचा, हा नियम. तिसऱ्या हाकेला माणूस आला नाही, तर गैरहजर. दावा त्याचा असेल तर निकालात निघणार, दुसऱ्याचा असेल तर त्याच्या माघारी चालणार. नियम करणाऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त दोन हाकांमध्ये किती वेळ जावा, हे लिहायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. भोंगेरावांचं सगळं राज्य त्या राहून गेलेल्या जागेत होतं.

पहिली हाक ते दाराशी मारायचे, कोरडी, सरकारी. दुसरी व्हरांड्याच्या मध्यावर जाऊन. त्या दोन हाकांत त्यांची नजर सगळ्या बाकांवरून फिरून यायची आणि माणूस नाही हे कळलं, की तो कुठं असेल याचा हिशोब डोक्यात सुरू व्हायचा. कॅन्टीनमध्ये असेल, झेरॉक्सच्या रांगेत असेल, नाहीतर पोट बिघडलेलं असेल. मग भोंगेराव तिसऱ्या हाकेसाठी जिन्याच्या खिडकीकडं निघायचे, आणि ही चाल बघण्यासारखी असायची. मध्येच बुटाची नाडी सुटायची. मग घसा साफ व्हायचा. खिडकीशी पोचल्यावर खिडकीची कडी तपासून व्हायची. तोवर अंगणातून कोणीतरी तोंड पुसत धावत येताना दिसायचं, आणि मगच तिसरी हाक सुटायची.

“माझ्या पुकाऱ्यात कोणाचा खटला चहामुळं बुडालेला नाही,” असं ते छाती काढून सांगायचे. खरंही होतं. बरं, यासाठी ते कोणाकडून काही घ्यायचे नाहीत, साधा चहासुद्धा नाही. लोकांना हे पटायचं नाही, पण लोकांना बरंच काही पटत नाही.

त्या दयेचा परिणाम एवढाच झाला होता, की सगळं गाव त्यांच्या तिसऱ्या हाकेवर विसंबून होतं. पहिली हाक झाली की वकील दुसरा कप मागवायचे. सगळ्यांना सकाळी एकाच वेळेला बोलावलेलं, पण नंबर कधी लागेल ते कोणालाच ठाऊक नाही. मग व्हरांड्यात दिवसभर माणसं डबे, पिशव्या, रडकी पोरं आणि दुखणारे गुडघे घेऊन बसलेली. संध्याकाळी बरेचजण पुढची तारीख घेऊन घरी जायचे.

सुधारणा होत नव्हत्या असं नाही. सुधारणा नेमानं यायच्या. एका वर्षी भिंतीवर लाल आकड्यांचा फलक लागला. फीत कापली, फोटो निघाले. फलकावर खटल्याचा नंबर लागायचा आणि त्याच नंबरचा माणूस बरोबर फलकाखाली बसून भोंगेरावांच्या आवाजाची वाट बघायचा. थोड्या दिवसांनी फलक एका आकड्यावर अडला तो अडलाच. लोक त्याच्या खिळ्याला छत्र्या अडकवू लागले. नंतरच्या सुधारणेचं एका मोठ्या हॉटेलात शिबिर झालं. तिथं काय ठरलं ते कोर्टातल्या कोणालाच कळलं नाही, कारण कोर्टातल्या कोणाला बोलावलेलंच नव्हतं.

म्हणून नव्या न्यायाधीश बाई आल्या आणि त्यांनी तीन नंबरच्या कोर्टातल्या सगळ्यांना काम संपल्यावर थांबायला सांगितलं, तेव्हा कारकून भोंगेरावांच्या कानाशी लागला. “आलं बघा नवीन औषध. कडू असणार.”

बाई चणीनं लहान, आवाजानं त्याहून लहान. त्यांनी भाषण केलं नाही. समोर कारकून, टंकलेखक, समन्स वाटणारा बेलिफ, दोन वकील आणि दाराशी भोंगेराव. बाईंनी एकच विचारलं, “आपला दिवस जातो कुठे?”

टंकलेखक म्हणाला बेलिफ समन्स उशिरा पोचवतो. बेलिफ म्हणाला वकील पत्ते चुकीचे देतात. वकील म्हणाले न्यायाधीश... आणि मग खोकले. बाई म्हणाल्या, “बोला, न्यायाधीश काय?” तेव्हा त्यांच्यातला वयानं मोठा, ज्याला सगळे काका वकील म्हणत, तो म्हणाला, “न्यायाधीश वेळेवर बसत नाहीत, मॅडम. तुमच्याबद्दल नाही बोलत. प्रथेबद्दल बोलतोय.”

बाईंनी हेही लिहून घेतलं. मग योजना सांगितली. रोज होतील तेवढेच खटले लावायचे. प्रत्येकाला आपापली वेळ. त्या स्वतः मिनिटाला मिनिट बसणार, आणि त्यांना उशीर झाला तर तोही दारावर लिहून लावायचा. कारण असल्याशिवाय तारीख मिळणार नाही, मग मागणारा कोणीही असो. वर बसलेल्या मोठ्या साहेबांकडून त्या शब्द घेऊन आल्या होत्या: वर्षभर त्यांची बदली करायची नाही आणि वर्षभर निकालांचे आकडे मागायचे नाहीत. आणि हे सगळं फक्त तीन नंबरच्या कोर्टात. जमलं तर बाकीच्यांनी बघावं, नाही जमलं तर फसल्याचा दोष त्यांच्या एकटीचा.

काका वकिलांनी मनात गणित मांडलं. दिवसभर इथं ताटकळण्याऐवजी दुपारी दुसऱ्या कोर्टात उभं राहता येईल. “आमची हरकत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी पहिल्यांदाच ऐकत होतं.

“आणि मामा,” बाई दाराकडं बघून म्हणाल्या, “तुमचं काय?”

“आपण काय, मॅडम. नाव सांगा, हाक मारतो.”

बाहेर आल्यावर कारकुनानं सुरी फिरवली. “हाक मारतो म्हणे! अहो, प्रत्येकाला वेळ दिली तर हाक कशाला लागेल? ही योजना चालली ना भोंगेराव, की तुम्ही तळघरात. रेकॉर्ड रूममध्ये एक जागा रिकामी आहेच. तिथल्या फायलींना मारा हाका.”

तळघराची ती खोली भोंगेरावांनी पाहिली होती. भिंतीला ओल, एक दिवा, आणि दिवसभर बोलायला समोर कोणी नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना ते तळघराच्या जिन्याला वळसा घालून गेले.

भोंगेरावांनी योजना बुडवायचं ठरवलं असं कोणी म्हणू नये. त्यांनी काहीच ठरवलं नाही. ते आधीसारखेच वागले, एवढंच. पहिली हाक, दुसरी हाक, बुटाची नाडी, घसा, खिडकीची कडी. आत बाई ठरल्या वेळेला बसत होत्या, वकील येत होते, बेलिफ समन्स पोचवत होता, तरीही दुपारपर्यंत सगळं तास-दीड तास मागं पडायचं. बादली नवी, नळ नवा, पण पाणी कुठंतरी गळत होतं. मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि तोवर हे असंच राहिलं तर योजना गुंडाळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कारकून वेळा लिहायचा, एकदा भोंगेरावांकडं बघायचा आणि पुन्हा लिहायचा. त्यांच्या पोटावर पाय द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

अशातच भोंगेरावांच्या मेहुणीच्या दाव्याची तारीख तीन नंबरच्या कोर्टात लागली.

मेहुणीचं कपडे शिवायचं लहानसं दुकान होतं. वरच्या मजल्यावर दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीजवळचं बेसिन गळायचं आणि रोग्यांनी चुळा भरलेलं पाणी हिच्या दुकानात, शिवून ठेवलेल्या कपड्यांवर टपकायचं. डॉक्टर म्हणायचा, हे पाणी माझं नव्हे. पाणी कोणाचं हे सांगू शकणारा एकच माणूस होता, तो म्हणजे ते बेसिन बसवणारा आणि गळती स्वतः बघून आलेला प्लंबर. त्याला साक्षीला आणायला मेहुणीनं त्याच्या बायकोपर्यंत वशिला लावला होता.

“भाऊजी, साडेअकराची वेळ दिलीय तुमच्या बाईंनी,” ती आदल्या दिवशी सांगून गेली. “दुकानावर पाटी लावलीय, एक वाजता उघडेल म्हणून. तोवर पोचेन ना हो?”

“आता वेळा पाळतात,” भोंगेराव म्हणाले. म्हणताना त्यांना काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणी वेळेच्या आधी हजर. शेजारी प्लंबर, अवजारांची पिशवी पायाशी, डोळे घड्याळावर. त्यांच्या आधी एका फर्निचरवाल्याचा दावा होता. भोंगेरावांनी पहिली हाक मारली. फर्निचरवाला नाही. दुसरी मारली, नाही. गडी कॅन्टीनमध्ये बसलाय हे भोंगेरावांना माहीत होतं, सकाळीच त्याला बशीतून चहा पिताना बघून आले होते. ते खिडकीकडं निघाले. नाडी सुटली. बांधली. दुसऱ्या पायाचीही बांधली. कडी तपासली. फर्निचरवाला धापा टाकत आला आणि जाता जाता म्हणाला, “भोंगेराव, देवमाणूस आहात!” त्याच्यानंतर आणखी एकाचं तसंच झालं, फक्त तो झेरॉक्सच्या रांगेत होता.

प्लंबर उठून उभा राहिला. “ताई, मला दुसरीकडं जायचंय. तिथं पाणी बंद करून आलोय, अख्खी इमारत कोरडी बसलीय.”

“अहो, पाचच मिनिटं.”

“मघाशी पण पाचच म्हणाला होतात,” तो म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला.

मग मेहुणीचा नंबर लागला. आतून साक्षीदाराचं नाव आलं. भोंगेरावांनी दाराशी हाक मारली. व्हरांड्याच्या मध्यावर मारली. तिसरीसाठी खिडकीशी गेले आणि तिथं ते इतका वेळ उभे राहिले, की बाकांवरचे लोक माना वळवून बघू लागले. अंगणात कोणी धावत येत नव्हतं. कॅन्टीनमध्ये, रांगेत, कुठंच तो नव्हता. जो उशिरा आलेला असतो तो धावत येतो. हा वेळेवर येऊन गेलेला होता. भोंगेरावांनी आयुष्यातली सगळ्यांत मोठी हाक मारली. सायकली उभ्या करणाऱ्या दोघांनी वर पाहिलं, तिसऱ्यानं कानावर हात ठेवला.

पुढची तारीख पडली.

मेहुणी दुकान उघडायला जिना उतरली. बोलली ती संध्याकाळी, बहिणीच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी.

“ताई, आज भाऊजींचा आवाज काय लागला होता म्हणून सांगू! शेवटची हाक तर माझ्या प्लंबरनं गावाच्या टोकाला ऐकली असेल.”

“पुरे गं,” बायको म्हणाली. “जेवू दे त्यांना.”

“जेवू दे की. तो फर्निचरवालासुद्धा पोटभर खाऊनच आला होता.”

भोंगेरावांनी घास खाली ठेवला. “अगं, त्याचा दावा गेला असता. उशिरा येणाऱ्याला कोणीतरी सांभाळून घ्यायला नको?”

“घ्या ना. पण वेळेवर येतो त्याला कोण सांभाळणार, भाऊजी? तुम्ही त्याच्यासाठी नाड्या बांधत होतात, तेव्हा मी तिथं बाकावर बसून बघत होते. माझ्या साक्षीदाराच्या वेळेतून काढून तुम्ही त्याला दान करत होतात. दान करायचं तर माणसानं स्वतःच्या खिशातलं करावं.”

“अहो, भाजी गार होतेय,” बायको म्हणाली. भाजी गार झाली ती झालीच.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी भोंगेराव बाईंच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाईंनी आत बोलावलं. एवढा आवाजाचा माणूस, पण कुजबुजल्यासारखा बोलला. “मॅडम, मला वेळेच्या आधी जरा खाली जाऊन यायची परवानगी द्या. कॅन्टीन, झेरॉक्स, सगळीकडं. ज्यांची वेळ झालीय त्यांना वर पाठवतो. नंतर हाका मारण्यापेक्षा आधीच सांगतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि तिसरी हाक?”

भोंगेरावांनी मान खाली घातली. “दुसरीला चिकटून मारीन.”

“बरं.”

“मॅडम, तुम्हाला ठाऊक होतं?”

“आत बसलं की मला तुमच्या हाका कमी आणि मधली शांतता जास्त ऐकू येते, मामा.”

“मग बोलला का नाहीत?”

“मी सांगितलं असतं तर तुम्ही पाळलं असतंत. मी इथं असेपर्यंत. माझी बदली झाली की पुन्हा नाडी सुटली असती.” नाडीचंही त्यांना माहीत होतं. “पण खरं सांगायचं तर आणखी आठवडाभर वाट बघून सांगणारच होते. साहेब यायचेत. धीर सुटत चालला होता माझा.”

भोंगेराव जायला निघाले आणि थांबले. “मग मला तळघरात पाठवणार का?”

बाई म्हणाल्या, “खोटं कशाला सांगू. हे चाललं तर पुकाऱ्याची गरज उरणार नाही. तुमची जागा कुठं, ते अजून ठरलेलं नाही. तळघर होऊ नये असं मी वर लिहीन. पण वर काय ठरेल ते माझ्या हातात नाही.”

एवढं ऐकूनही ते खाली गेले. कॅन्टीनच्या दारात उभं राहून म्हणाले, “अकराची मंडळी, चला वर. आज थांबणार नाही.” लोकांना वाटलं, भोंगेराव गंमत करतायत. काहीजण उठले. काका वकिलांनी दुसरा कप मागवला.

पहिला खटला काका वकिलांचाच होता. पहिली हाक. त्यांचा अशील आत जाऊन उभा राहिला, वकील नाही. दुसरी हाक. भोंगेरावांचे पाय सवयीनं जिन्याकडं वळले आणि त्यांनी ते तिथंच रोवले. खिडकीतून त्यांना काका वकील दिसले असते, म्हणून त्यांनी खिडकीकडं पाहिलंच नाही. तिसरी हाक त्यांनी व्हरांड्यातूनच मारली, लागलीच. दोन-तीन बायका दचकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत ती हाक इतक्या लवकर कोणी ऐकली नव्हती.

काका वकील आले तेव्हा बाई पुढच्या खटल्याला लागल्या होत्या. अशिलाचा दावा बाईंनी काढून टाकला नाही, पण वकील गैरहजर असल्याचं लिहिलं, आणि समोरच्याची फेरी वाया गेल्याबद्दल काकांना भुर्दंड बसवला. काकांनी आत हरकत घेतली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि घड्याळाकडं बोट दाखवलं. मग ते बाहेर येऊन भोंगेरावांवर घसरले.

“भोंग्या! चहा गरम होता रे माझा! थांबला का नाहीस?”

“गार करून प्यायचा होता, काका.”

“मला ओळखत नाहीस का तू?”

“ओळखतो, म्हणून तर आधी खाली येऊन सांगून गेलो.”

काका पाय आपटत खाली गेले. पण दुपारपर्यंत ही बातमी कॅन्टीन, झेरॉक्स, अंगण आणि शेजारच्या दोन कोर्टांत पोचली. परिपत्रकं वर्षभर भिंतीवर राहून जे करू शकली नव्हती, ते एका वकिलाच्या अर्ध्या कपानं केलं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाला भोंगेरावांवर रुसला, कारण लोक चहा पार्सल मागू लागले होते.

त्यानंतर फार काही नाट्य घडलं नाही. चांगलं चालणाऱ्या कामात नाट्य नसतंच, त्यामुळं ते सांगायलाही अवघड. काही दिवस वेळा चुकल्या, काही वकील भांडले, एकदा बाईंनाच उशीर झाला आणि कारकुनानं तो दारावर लिहून लावला. बाईंनी त्याखाली सही केली. हे बघून बाकीचे जरा जास्तच शिस्तीत आले. मेहुणीच्या पुढच्या तारखेला प्लंबर आला, ठरल्या वेळेला साक्ष दिली आणि दुसऱ्या कामावर वेळेत पोचला. पाणी डॉक्टरचंच निघालं. मेहुणीनं दुकानावरची ‘एक वाजता उघडेल’ ही पाटी एकच्या आधीच काढली. कोर्टातून निघताना ती भोंगेरावांना फक्त एवढंच म्हणाली होती, “आज आवाज नाही ऐकू आला, भाऊजी. बरं वाटलं.”

मोठे साहेब आले, तपासून गेले. योजना दुसऱ्या कोर्टांतही लागली, घाईनं नाही, एकेक करून. मग दुसऱ्या गावांची माणसं ती बघायला येऊ लागली. त्यांनी दारावरच्या वेळापत्रकाचे फोटो काढले, कारकुनाच्या संगणकाचे काढले, बाईंना यशाचं रहस्य विचारलं. बाई म्हणायच्या, “वर्षभर बदली झाली नाही,” आणि पाहुणे हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

भोंगेरावांचं कागदावर काय झालं, तर पुकाऱ्याची जागा रद्द झाली. तळघराची ऑर्डरही निघाली होती. बाईंनी लिहिलं, काका वकिलांनी वकिलांच्या सह्या गोळा केल्या, सगळ्यांत वर स्वतःची, आणि ऑर्डर फिरली. फाटकाजवळ एक टेबल मिळालं. येणाऱ्याचा कागद बघायचा आणि कुठं, किती वाजता जायचं ते सांगायचं. पगार तोच. आवाज मात्र लागत नाही. समोर उभ्या माणसाशी बोलायला भोंगा लागत नाही.

सगळं गोड झालं असं नाही. व्हरांडा आता शांत असतो आणि भोंगेराव तिकडं फारसे फिरकत नाहीत. साठलेला आवाज घरी निघतो. मीठ मागायचं तरी ते असं मागतात, की शेजारी दार उघडून बघतात. “अहो, मी हजर आहे,” बायको म्हणते. “एक हाक पुरे.”

परवा फाटकाशी एक म्हातारी आली, हातात पिशवी, चेहऱ्यावर धास्ती. भोंगेरावांनी कागद पाहिला. “बाई, तुमचं अडीचला आहे. एक नंबर. अजून पुष्कळ वेळ आहे. समोर कॅन्टीन आहे, बसा, चहा घ्या.”

“नको बाबा. मी चहाला बसायची आणि तिकडं माझं नाव पुकारलं जायचं.”

“पुकारत नाहीत आता.”

“मग मला कळायचं कसं?”

भोंगेरावांनी कॅन्टीनच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. म्हातारीनं घड्याळाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. घड्याळावर तिचा विश्वास बसलेला नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं.

“बरं, जा,” ते म्हणाले. “वेळ झाली की मी तिथं येऊन सांगतो. पण आधी सांगीन हां. एकदाच.”